त्या एका ‘फक्त’बद्दल

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत युरोपातल्या नष्ट झालेल्या रोमँटिक चित्रांवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, आवडला, कापून पण ठेवलाय. पण त्यात एका ठिकाणी असं लिहिलंय की मूळ चित्र गेलं आणि आता फक्त कच्ची रेखाटनं उरली आहेत. ते ‘फक्त’ मला टोचलं. दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून शेवटी लिहायला बसले. मी वडोदऱ्यात ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता वयाची ७२ पूर्ण झाली, आणि माझ्या स्वतःच्या घरात असंच एक कच्चं रेखाटन आहे ज्याचं मूळ चित्र आता कुठेच नाहीये, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी लांबच्या पॅरिस-बर्लिनचा नाही, घरातलाच आहे. पत्र थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी एक सांगते कारण माझ्या सुनेनेच मला विचारलं होतं, रोमँटिक म्हणजे सिनेमातलं रोमँटिक नाही. साधारण १८०० च्या आगेमागे युरोपात चित्रकारांची एक पिढी आली, त्यांना वादळ, बुडणारी जहाजं, पडके मठ, बर्फातली थडगी, निसर्गापुढे उभा असलेला एकटा माणूस ह्या गोष्टी काढाव्याशा वाटल्या. फ्रान्समध्ये जेरिको आणि देलाक्रवा, जर्मनीत कास्पार डेव्हिड फ्रीडरिश आणि रुंगं. एवढं पुरे.

आता आमच्या सरांची गोष्ट. नाव देत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून. सर वडोदऱ्याच्या कलाभवन ह्या कलाशिक्षणाच्या संस्थेत शिकलेले आणि मी सहावीत असताना आम्हाला ड्रॉइंगला होते. वडोदऱ्यातल्या १९२७ च्या पुरात ते नऊ वर्षांचे होते. घराच्या गच्चीवरून त्यांनी बघितलं होतं की दारं आणि फळ्या दोरीने बांधून केलेल्या एका तराफ्यावर दहा-बारा माणसं वाहत चाललीयेत आणि एक बाई उभी राहून लुगड्याचा पदर हवेत हलवतेय, कोणीतरी बघावं म्हणून. हे त्यांच्या मनात पस्तीस वर्षं होतं. मग मांडवी, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध असलेली ती इमारत, तिच्याजवळच्या सेंट्रल लायब्ररीत एका जाड पुस्तकात त्यांना जेरिकोच्या तराफ्याच्या चित्राचा छापील फोटो दिसला आणि ते म्हणायचे की मला वाटलं, अरे, हे तर मी बघितलंय. त्यानंतर दोनेक वर्षांत त्यांनी मोठ्या कॅनव्हासवर तो पूर रंगवला, आणि ते चित्र एका शाळेच्या हॉलमध्ये स्टेजच्या डाव्या हाताच्या भिंतीवर लागलं. आम्ही मुली प्रार्थनेला उभ्या राहायचो तेव्हा प्रार्थना कमी आणि ते चित्र जास्त बघायचो.

जेरिकोचं ते चित्र ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. १८१६ च्या जुलैमध्ये मेदूझ नावाचं फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं, होड्या पुरेशा नव्हत्या म्हणून १४७ माणसं एका तराफ्यावर चढवली आणि मग तो तराफा सोडून दिला. १३ दिवसांनी आर्गस जहाजाला तो सापडला तेव्हा त्यावर १५ जण जिवंत होते. जेरिको तेव्हा पंचविशीतला पोरगा. त्याने वाचलेल्यांना गाठलं, जहाजाचा सुतार वाचला होता त्याच्याकडून तराफ्याचं छोटं मॉडेल करून घेतलं, हॉस्पिटलमध्ये जाऊन मरणाऱ्या माणसांचे चेहरे काढले, आणि मुख्य म्हणजे नेमका कुठला क्षण काढायचा हे ठरवायलाच त्याने कागदावर कागद खर्च केले. तराफ्यावरचं बंड काढून बघितलं, माणसं माणसांना खातात तो भयंकर प्रसंग काढून बघितला, सुटकेची होडी जवळ आलीय ते पण काढलं. आणि शेवटी १८१९ मध्ये लोकांसमोर आला तो ह्यातला कुठलाच नव्हता, आला तो क्षण ज्यात जहाज क्षितिजावर ठिपक्याएवढं आहे आणि ते आपल्याला बघेल की नाही हे कोणालाच माहीत नाही. जवळजवळ पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद चित्र आहे ते, पण त्याच्यामागचा विचार जर कुठे दिसत असेल तर त्या छोट्या कागदांवर दिसतो. कॅनव्हासवर निर्णय दिसतो, आणि तो निर्णय घेताना माणूस कुठे कुठे जाऊन परत आला हे कागदावर दिसतं.

आणि अजून एक. त्या चित्रात बिटुमेन, म्हणजे डांबरी जातीचा काळपट रंग वापरलाय, तो कधी नीट वाळत नाही, वर्षं जातात तसा काळा पडत जातो आणि त्याला सुरकुत्या पडतात. म्हणजे पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये चित्र अगदी सुरक्षित टांगलेलं असूनसुद्धा त्यातले तपशील हळूहळू अंधारात चाललेत. कागदावरच्या रेघा मात्र आहेत तशा आहेत. मग सांगा, कच्चं कोण आणि पक्कं कोण?

आमच्या सरांच्या चित्राचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते कारण सांगताना त्रास होतो. हॉलचं छत गळायला लागलं, कॅनव्हासला बुरशी धरली, मग दुरुस्तीच्या वेळी चित्र उतरवलं आणि ते परत भिंतीवर चढलंच नाही. मी दोन-तीनदा जाऊन विचारलं, तर सांगितलं की जुनं सामान निघालं. कुठे निघालं, कोणी काढलं, कोणालाच माहीत नाही. सर तेव्हा हयात नव्हते, एवढं एक बरं.

पण सरांनी रिटायर होताना मला एक गुंडाळी दिली होती, वर वर्तमानपत्र गुंडाळून सुतळीने बांधलेली, आणि म्हणाले, तुला तो पूर आवडायचा ना, घे. त्यात ह्या चित्राचं शेवटचं कच्चं रेखाटन होतं. आता हा कागद मी तुम्हाला नीट वाचून दाखवते, कारण कच्चं रेखाटन वाचायचं असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नाही.

फुल इम्पिरियल शीट आहे, जाड, आता कडेने पिवळी पडलेली. त्यावर लाल पेन्सिलीने चौकोन आखलेत, आडवे ९ आणि उभे ६, प्रत्येक चौकोन तीन इंचांचा, आणि कडेला आकडे घातलेत. आमच्या पिढीच्या ड्रॉइंग टीचरना हे लगेच कळेल, लहान चित्र मोठं करायची ही चौकटींची पद्धत, कागदावर जेवढे चौकोन तेवढेच कॅनव्हासवर पाडायचे आणि एकेका चौकोनातली रेघ तिकडे न्यायची. युरोपात पण हेच करायचे आणि आपल्याकडे सिनेमाचे बॅनर रंगवणारे पेंटर पण हेच करायचे. खालच्या कोपऱ्यात सरांच्या अक्षरात लिहिलंय, १ घर = १ फूट. म्हणजे हरवलेलं चित्र ९ फूट रुंद आणि ६ फूट उंच होतं हे आज मी छातीठोक सांगू शकते, आणि ते मला शाळेच्या कुठल्याही रजिस्टरने सांगितलेलं नाही, ह्या कागदाने सांगितलंय. माझ्या आठवणीत तर ते चित्र पूर्ण भिंतभर होतं, सहावीतल्या मुलीला सगळंच मोठं दिसतं.

तराफ्याच्या पुढच्या टोकाला एक माणूस लांब बांबूने पाणी ढकलतोय. त्याचा उजवा हात तीनदा काढलाय. पहिला खांद्याच्या वर आहे, तो पुसलाय पण पेन्सिलीची खाच कागदात राहिलीये, उजेड तिरका पडला की दिसते. दुसरा छातीपाशी. तिसरा, जो शाईने पक्का केलाय, तो जवळजवळ पाण्यात बुडालेला, म्हणजे बांबू तळाला लागतच नाहीये. बघा, नुसता हात खाली आणला आणि पाणी किती खोल आहे ते कळलं. हॉलमध्ये इतकी वर्षं ते चित्र बघून मला हे कधी कळलं नव्हतं, कारण रंगवलेल्या चित्रात तो हात असाच असणार असं वाटतं. कागद बघितला तेव्हा कळलं की नाही, सर ह्या हातापाशी बराच वेळ थांबले होते.

मागे डाव्या बाजूला एक देवळाचं शिखर होतं ते पूर्ण खोडून टाकलंय आणि तिथे नुसतं पाणी ठेवलंय. उजवीकडे अगदी लांब, क्षितिजावर, मांडवीचा छोटासा आकार आहे, अंगठ्याच्या नखापेक्षा लहान. जेरिकोने जिथे आर्गस ठेवलं साधारण तिथेच आमच्या सरांनी मांडवी ठेवली. हे माझ्या लक्षात यायला मला साठी उलटावी लागली.

हे खोडण्याचं बघून मला फ्रीडरिशचं समुद्रकिनाऱ्यावरच्या साधूचं चित्र आठवतं, बर्लिनमध्ये आहे. त्यात खाली वाळूची पट्टी, मधे काळा समुद्र, वर नुसतं आकाश आणि एक एवढासा माणूस, बाकी काहीही नाही. तज्ज्ञांनी त्या चित्राची इन्फ्रारेड तपासणी केली तेव्हा रंगाखाली जहाजं दिसली. त्याने आधी जहाजं काढली होती आणि मग गाळून टाकली. तो रिकामा समुद्र आधीपासून रिकामा नव्हता, तो रिकामा केलेला आहे, आणि हे आपल्याला खालच्या रेघांमुळे समजलं.

आता तुमच्या लेखातल्या जळालेल्या चित्रांबद्दल. देलाक्रवाने १८२६ मध्ये सम्राट जस्टिनियन कायदे सांगतोय असं मोठं चित्र केलं होतं, सरकारी कौन्सिलसाठी. हाच देलाक्रवा तरुणपणी जेरिकोच्या तराफ्यासाठी मॉडेल म्हणून बसला होता, पालथा पडलेला एक माणूस त्याच्यावरून काढलाय. तर हे जस्टिनियनचं चित्र १८७१ च्या मे महिन्यात पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे तिथल्या बंडखोर सरकारच्या, शेवटच्या आठवड्यात इमारतीसकट जळालं. त्याच आठवड्यात पॅरिसचा टाऊन हॉल पण जळाला आणि तिथे त्याने शांतीच्या दालनाचं पूर्ण छत रंगवलेलं होतं, मधे मोठं गोल चित्र, भोवती ८ चौकटी आणि भिंतींच्या वरच्या कमानींत हर्क्युलिसच्या आयुष्यातले ११ प्रसंग. सगळं गेलं. देलाक्रवा १८६३ मध्येच वारला होता म्हणून त्याला हे बघावं लागलं नाही. पण त्याच्या मागे स्टुडिओत सहा हजारांच्या वर रेखाटनं निघाली, जी तो हयात असताना फारशी कोणाला दाखवत नसे, आणि जस्टिनियनचं तैलरंगातलं छोटं कच्चं चित्र आज पॅरिसच्या सजावटी कलांच्या म्युझियममध्ये आहे, छताच्या मधल्या गोलाचं कच्चं चित्र पॅरिस शहराच्या म्युझियमकडे आहे. ती नसती तर आज आपण त्या चित्रांबद्दल वर्णनं वाचत बसलो असतो, डोळ्यांसमोर रंग म्हणून काही आलं नसतं.

ह्याच्या उलट फ्रीडरिशच्या एका चित्राचं झालं. बर्फातली मठाची स्मशानभूमी असं त्याचं एक मोठं चित्र होतं, १८१७ ते १८१९ च्या दरम्यानचं, मधे पडक्या मठाच्या उंच खिडक्या, दोन्ही बाजूला निष्पर्ण ओक, खाली बर्फातून चाललेले साधू. १९४५ मध्ये बर्लिनमध्ये ते युद्धात नष्ट झालं. त्याचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. फोटोत सगळं आहे, प्रत्येक फांदी आहे, पण बर्फ कुठल्या रंगाचा होता ते नाही. निळसर होता, तांबूस होता, खिडकीतलं आकाश पिवळं होतं का, काही कळायचा मार्ग नाही. आणि बर्फ पांढरा असतो असं कोणी म्हणू नका, ज्याने एकदा तरी पांढरा रंगवून बघितलाय त्याला माहितीये. फ्रीडरिशची एक सवय मात्र इथे कामाला येते. तो बाहेर हिंडून झाडं, दगड, पडक्या भिंती वहीत अगदी बारीक पेन्सिलीने काढायचा, तारीख घालायचा, आणि तोच ओक कधी कधी किती तरी वर्षांनी एखाद्या मोठ्या चित्रात उभा करायचा. त्यामुळे त्याच्या वह्यांतली झाडं ओळखणारे लोक आज सांगू शकतात की चित्रातलं झाड मनाने काढलेलं आहे की खरोखर कुठेतरी उभं होतं.

१९३१ च्या ६ जूनला म्युनिकमध्ये ग्लासपालास्ट नावाचा काचेचा प्रदर्शन हॉल पहाटे जळाला. आत जर्मन रोमँटिक चित्रकारांचं खास प्रदर्शन भरलेलं होतं, ठिकठिकाणच्या म्युझियमांनी विश्वासाने पाठवलेली चित्रं, त्यातली शंभराहून जास्त गेली. रुंगंचं ‘आम्ही तिघं’ त्यात होतं, तो, त्याची बायको आणि त्याचा भाऊ, हॅम्बुर्गहून आणलेलं. रुंगं स्वतः ३३ वर्षांचा होऊन वारलेला माणूस, त्याची मोठी चित्रं मुळात मोजकी. एका पहाटेत त्यातलं हे पण गेलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती, खरं सांगते, कारण चित्र प्रदर्शनाला पाठवताना लोक ते नीट बांधून, पेटीत घालून, चांगल्या मनाने पाठवतात.

आपल्याकडे आगी लागत नाहीत असं नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना, ज्याने घराघरात लक्ष्मी-सरस्वती पोचवल्या, तो मळवलीला होता आणि १९७२ मध्ये त्याला आग लागली, कितीतरी मूळ छापील चित्रं गेली. आपल्या बडोद्याचं भाग्य की महाराजा सयाजीरावांनी त्यांच्याकडून करून घेतलेली १४ पौराणिक चित्रं वाड्याच्या भिंतींवर राहिली. कमाटीबागेतली पिक्चर गॅलरी बघा, इमारत १९१४ मध्ये तयार झाली पण महायुद्धामुळे युरोपातली चित्रं यायला उशीर झाला आणि गॅलरी १९२१ मध्ये उघडली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावाने युद्ध संपायची वाट बघून चित्रं आणली. अशा गावात कागदाची किंमत कळत नाही असं मला म्हणवत नाही.

आणि कच्च्या रेखाटनाचा मान ही काही युरोपची गोष्ट नाही. आपल्या लघुचित्रांच्या कारखान्यात चर्बा असायचा, पातळ कातड्यावर उतरवलेली रेघ. खाका असायचा, रेघेवर सुईने भोकं पाडलेला कागद, त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की खाली ठिपक्यांचं चित्र उमटतं. आपल्या रांगोळीचे छाप आठवा, तेच. हे चर्बे आणि खाके बापाकडून मुलाकडे जायचे, घराण्याची ठेव असायची ती. चित्र राजाकडे जायचं आणि रेघ घरात राहायची. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात गेलात तर त्या रंगवलेल्या भिंती बघताना हे जरूर मनात आणा की एवढ्या शेकडो चित्रांच्या आधी कोणीतरी कुठेतरी त्या घोड्यांचे आणि पालख्यांचे कच्चे कागद केले असतील. ते कागद आता कुठे असतील ह्याचा विचार केला की मला हुरहूर लागते.

आता हे पत्र लिहायचं दुसरं कारण. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या दिवसांत, विश्वामित्री नदी आपल्या घरात शिरली ते तुमच्या वाचकांना मी सांगायला नको. आमच्याकडे कारेलीबागेत तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. फ्रीज तरंगत होता. सरांची गुंडाळी माळ्यावर होती म्हणून वाचली, १९२७ च्या पुराचं चित्र २०२४ च्या पुरातून वाचलं. पण पाणी उतरल्यावर आठ-दहा दिवस सोसायटीच्या तोंडाशी पस्तीवाल्यांच्या, म्हणजे रद्दीवाल्यांच्या, गाड्या उभ्या होत्या, आणि त्या ढिगात मी माझ्या डोळ्यांनी ड्रॉइंगच्या शीट्स बघितल्या. कोणाच्या तरी आजोबांच्या असतील, कलाभवनातल्या, फाइन आर्ट्समधल्या, कोणी काढून बघितल्या पण नाहीत. एका शीटवर घोड्याचा पाय होता, एवढा सुंदर, नुसता गुडघा आणि खूर, बाकी चिखल. मी उचलायला गेले तर हातातच लगदा झाला.

लोकांचा दोष नाही, त्या दिवसांत माणूस गादी वाचवेल की कागद. पण माहिती नसते हे पण खरं आहे, म्हणून वर्गात सांगायचे तसं सांगते. भिजलेला कागद उन्हात घालू नका, तो वाकडा होतो आणि ठिसूळ होतो. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका. सावलीत, पंखा चालू असलेल्या खोलीत, खाली टीपकागद नाहीतर स्वच्छ सुती कापड घालून सपाट ठेवा, कापड ओलं झालं की बदला, पंख्याचा वारा थेट कागदावर येऊ देऊ नका. इस्त्री नको. फाटलं तर सेलोटेप अजिबात लावू नका, दहा-पंधरा वर्षांत तिचा गोंद पिवळा-तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग तो काढणं फार अवघड होतं. लॅमिनेशन तर कधीच करू नका, मी किती चांगली चित्रं लॅमिनेशनने मेलेली बघितलीयेत. कोळशाचं किंवा पेस्टलचं काम असेल तर त्यावर दुसरा कागद घासू नका. कसरीसाठी औषध थेट कागदावर मारू नका, कपाट कोरडं ठेवा आणि वर्षातून दोनदा उघडून बघा. आणि सगळ्यात आधी मोबाइलने फोटो काढा, दिवसा खिडकीजवळ, शेजारी फूटपट्टी ठेवून, पुढची बाजू आणि मागची पण. मागच्या बाजूला बऱ्याचदा तारीख, हिशोब, कधी कधी दुसरंच चित्र सापडतं. माझ्या गुंडाळीच्या मागे सरांनी रंगांच्या ट्यूबांची यादी आणि किमती लिहिल्यात, त्यात फ्लेक व्हाइट दोनदा लिहून एकदा खोडलंय, परवडलं नसेल.

तुम्हाला माझी विनंती आहे की तुमच्या पुरवणीत महिन्यातून एकदा एक चौकोन ह्यासाठी द्या, वाचकांच्या घरातलं एक जुनं रेखाटन, ते कोणी काढलं, कशासाठी काढलं आणि त्याचं मूळ चित्र आता कुठे आहे किंवा नाही. मोठ्या नावाची अट ठेवू नका. देवळाच्या पडद्याचं, गणपतीच्या मखराचं, नाटकाच्या सीनसीनरीचं, फोटो स्टुडिओच्या मागच्या पडद्याचं, जे असेल ते. नाटकाचे रंगवलेले पडदे तर जवळजवळ सगळे गेले, त्यांचे कच्चे कागद कोणाकडे असले तर आत्ताच मिळाले तर मिळतील. पहिला कागद मी देईन.

आणि त्या कागदाबद्दल एक प्रश्न राहिलाय, तो तुमच्या मार्फत विचारते. सरांनी रेखाटनात जागोजागी रंग लिहून ठेवलेत. आकाशात ‘गढूळ पिवळं, वर शिसं’. पाण्यात ‘चहासारखं, फेस नको’. बांबूवाल्याच्या पाठीवर ‘तांबूस काळा, ओला’. आणि पदर हलवणाऱ्या त्या बाईच्या लुगड्यावर लिहिलंय, ‘लाल?’ असं, प्रश्नचिन्ह घालून. शेवटी त्यांनी लाल केलं की नाही हे मला आठवत नाही. मी डोळे मिटून खूप प्रयत्न केला. कधी लाल दिसतं, पण ते मी कागद वाचलाय म्हणून दिसत असेल. कधी हिरवं दिसतं, कधी चक्क मळकट पांढरं. माझ्या मैत्रिणीला विचारलं, ती म्हणते जांभळं, आणि अगदी ठाम म्हणते. माझ्याकडे गॅदरिंगचा एक ग्रुप फोटो आहे त्यात मागे चित्राचा तो कोपरा आलाय, बाईचा हात आणि पदर स्पष्ट आहे, पण फोटो ब्लॅक अँड व्हाइट. पदर मधल्या करड्या रंगाचा दिसतो, त्या काळच्या फिल्मवर लाल काय आणि हिरवं काय, सारखंच.

साधारण १९६४ पासून १९९० पर्यंत ज्यांनी त्या हॉलमध्ये प्रार्थना म्हटली असेल, स्टेजच्या डाव्या हाताच्या भिंतीवर पुराचं मोठं चित्र असलेला हॉल, त्यांना शाळेचं नाव सांगायची गरज नाही, ते ओळखतील. त्यांनी कृपया तुमच्या पत्त्यावर एक ओळ लिहून कळवावं की लुगडं कुठल्या रंगाचं होतं. कोणाकडे रंगीत फोटो असेल, अगदी कोपऱ्यात आलेला, हललेला, तरी चालेल. मी कागदावर काही लिहिणार नाही, सरांचं प्रश्नचिन्ह आहे तसंच राहील, उत्तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून गुंडाळीत ठेवीन.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
कारेलीबाग, वडोदरा